एकविसाव्या दिवसाआधी

सेबतीच्या हातात छापील कागदांचा गठ्ठा आला तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. कुसुमखुंटीत मॅट्रिक झालेली बाई तेवढी एकच, म्हणून घरोघरची माहिती गोळा करायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. ब्लॉकच्या कचेरीतले बिस्वाल बाबू म्हणाले, काही अवघड नाही. चाळीस घरं, बारा प्रश्न. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, पदरचा एक शब्द घालायचा नाही.

"आणि आठवा प्रश्न नीट विचार, बरं का," ते म्हणाले. "पाच वर्षांत पाच मुलं दगावलेली निघाली तर गावात बाळंतपणाची खोली आणि राहती नर्स. नाहीतर विसरा."

हे सेबतीला दोनदा सांगायला नको होतं. नदी चढली की होडी बंद, आणि दवाखाना पलीकडे. तिचे दिवस श्रावणात भरत होते. गेल्या खेपेचेही श्रावणातच भरले होते.

आठवा प्रश्न असा होता: 'गेल्या पाच वर्षांत या घरात एखादं मूल मरण पावलं का?' आता यात वाकडं काय? भुवनेश्वरात पंख्याखाली बसून कुणीतरी मोठ्या विचारानं लिहिला असणार. फक्त त्या शहाण्याला कुणी सांगितलं नाही की आमच्या गावात एकविसाव्या दिवशी नाव ठेवल्याशिवाय मूल हे मूलच नसतं. त्याआधी गेलं तर सुतक नाही, रडणं नाही, पुन्हा विषय नाही. परसात पुरायचं, वर दगड ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी आईनं मांडियाच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात खुरपायला जायचं.

पहिलं घर शेजारच्या खिरोचं. ती नात्यानं सेबतीची भाउज, म्हणजे वहिनी.

"नाही गं," खिरो म्हणाली. "देवाच्या दयेनं एकही नाही."

तिच्या परसात दोन दगड होते. सेबतीला ते उंबऱ्यावरून दिसत होते. पण शब्द घालायचा नाही म्हटल्यावर नाही, तिनं शून्य लिहिलं. दुसऱ्या घरी नाही. तिसऱ्या घरी नाही. दहाव्या घरची म्हातारी तर अंगावरच आली. "तुझ्या जिभेला काही हाड? भरल्या घरात येऊन असलं विचारतेस?"

पंधरा घरं झाली, पंधरा शून्यं. सेबती चिंचेखाली बसली, पायाला सूज आली होती ती चोळली, आणि मग कागद पिशवीत कोंबून सरळ खिरोकडे परत गेली.

"भाउज, तुला दिवस किती वेळा गेले?"

"पाच."

"आणि नावं किती जणांची ठेवली?"

"तिघांची." शेंगा सोलता सोलता खिरोचे हात थांबले. "एक रडलं होतं बघ. चांगलं मोठ्यानं रडलं. सहा दिवस अंगावर प्यायलं. दुसरं दुपारी झालं, संध्याकाळी गेलं." तिनं पदर तोंडाला लावला. "चार वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं गं."

असं विचारत विचारत चार दिवसांत अकरा निघाली. एकीनं सेबतीला दोन तास उठू दिलं नाही, सगळं सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सेबतीनं अकरा हा आकडा लिहिला आणि आता खोली होणार असं तिला मनापासून वाटलं. तिच्या स्वतःच्या घराचा कागद कोरा राहिला, कारण आपल्या घराचं आपण लिहायचं नाही असा नियम होता.

महिन्याभरानं बिस्वाल बाबू तपासणीला आले. वरच्यांना अकरा पटत नव्हते. त्यांनी चार घरं निवडली आणि दारात उभं राहून छापील प्रश्न वाचला. बायकांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि चौघीही नाही म्हणाल्या. खिरोही म्हणाली, "नाही बाबू, देवाच्या दयेनं एकही नाही." मग तिनं सेबतीकडे बघायचं टाळलं.

"हे काय लिहून ठेवलंस?" बाबूंनी विचारलं.

"मी वेगळं विचारलं बाबू. दिवस किती वेळा गेले, नावं किती जणांची ठेवली."

"त्याला कागदावर रकाना आहे का?" माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "तू विचारलंस तर एक, मी विचारलं तर दुसरं. मी कुणाचं धरू? छापलंय त्याचंच धरावं लागतं."

"परसात दगड आहेत. चला, दाखवते."

"दगड कुठे नसतात, सेबती?" त्यांनी अकराच्या आकड्यावर रेघ मारली. मग जरा थांबून म्हणाले, "तुझं घर राहिलंय. एका घरानं जरी तोंडानं हो म्हटलं तरी मी सगळं गाव नव्यानं तपासायला लावीन. एवढं मी करीन."

सेबतीची सासू दारातच बसली होती. पोटात एक असताना गेलेल्याचा विषय तोंडातून काढला की ते दुसऱ्याला बोलावून नेतं, हे तिनं सुनेला शंभर वेळा बजावलं होतं. मॅट्रिक झालेल्या बाईनं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. बोलायला काय जातं.

बाबूंनी वाचलं, "गेल्या पाच वर्षांत या घरात एखादं मूल मरण पावलं का?"

किती दिवस प्यायलं असं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, नऊ. डाव्या बाजूला जास्त प्यायचं. नवव्या दिवशी अंग तापलं, आणि ती घाटावर त्याला छातीशी धरून होडीची वाट बघत बसली. सगळं अगदी जिभेवर होतं. पण मूल? त्याला मूल म्हणू दिलं होतं कुणी? नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनं स्वतःही नाही.

"सांग ना," बाबू म्हणाले.

पोटातलं बाळ फिरलं. सेबतीनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

"नाही," ती म्हणाली.

सासूनं उठून बाबूंसाठी मांडियाची पेज ओतली. बाबूंनी शून्य लिहिलं आणि कागद पुढे केला, माहिती देणाऱ्याची सही लागते म्हणून. गावात अंगठा न लावता सही करणारी सेबती एकटीच. तिनं आपलं पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहिलं. श्रावण दीड महिन्यावर आला होता.