ताटाचा पाव हिस्सा

शिडीच्या वरच्या पायरीवरून रंगाचा डबा सुटला आणि निळा ओघळ अर्ध्या भिंतीवर पसरला. त्याच्यामागोमाग पेंटर उतरले, एकेक पायरी पायाने चाचपत, आणि फुटपाथवर मटकन बसले. समोरच्या शिवणाच्या दुकानातून त्यांची बायको हातातली कात्री न ठेवताच धावत आली.

"बाहेर काय खाल्लंत?" तिने पहिलं तेच विचारलं.

"काही नाही गं."

त्यांचं कपाळ घामाने डबडबलं होतं, बोटं थरथरत होती. तिचा विश्वास बसला नाही.

त्यांना साखरेचा आजार निघाल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. याच दुखण्यात तिच्या थोरल्या भावाचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला होता. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. तिने तर ताकच बंद केलं. आधी बटाटा अर्धा केला, मग हद्दपार. त्याच्यामागून रताळं, मका, मटार, सुरण, आणि भात-पोळीही. मऊ, पिठूळ दिसेल ते घराबाहेर. पेंटरांच्या पँटी कमरेत आत घेताना ती समाधानाने टीप मारायची, आणि धुवायला टाकण्याआधी खिसे उलटे करून कुठे चुरा सापडतोय का पाहायची. कधीच सापडला नव्हता.

दवाखान्यात नर्सने बोट टोचलं. साखर वाढलेली नव्हती, फार खाली गेली होती. डॉक्टरांनी गोड सरबत पाजलं, त्यांची रोजची गोळी कमी केली आणि दोघांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

"जेवणात काय काय असतं यांच्या?"

उत्तर बायकोनेच दिलं, पाठ केलेल्या धड्यासारखं. पालेभाजी, काकडी, दुधी, एक अंडं. बटाटा नाही, काही नाही. सांगताना तिची मान जराशी ताठ झाली होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"बंद करायला कोणी सांगितलं होतं?"

तिची ताठ मान खाली गेली.

"गोळी पोटात, पोट रिकामं आणि माणूस शिडीवर," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. "अर्धं ताट पालेभाजी, काकडी, टोमॅटो. पाव ताट डाळ, अंडं. उरलेल्या पाव हिश्श्यात उकडलेला बटाटा, रताळं किंवा मका, यातलं एकच. ते ताटात वाढलं की भात-पोळी तेवढी कमी. बटाटा शत्रू नाही हो. फक्त त्याला सगळं ताट द्यायचं नाही."

परतताना ती दोन पावलं मागे चालत होती.

"भूक लागायची?"

"लागायची."

"मग बोलला का नाहीत?"

पेंटर अंगठ्यावरचा निळा रंग खरवडू लागले. "सुरुवातीला एकदा शेजारच्यांकडे बटाटा खाऊन आलो होतो, आठवतं? त्या रात्री तू सारखी उठून माझी पावलं चाचपत होतीस. नुसती काकडी खाल्ली की तू तरी झोपायचीस."

ती थांबली. कुणाच्या तरी सायकलीला वाट द्यायची आहे असं दाखवून उभी राहिली.

घरी आल्यावर तिने भाजीवाल्याकडून आणलेले बटाटे उकडायला ठेवले. साल काढताना चटके बसत होते, तरी ते गार होईपर्यंत तिला धीर नव्हता. ताटात फोडी मांडल्या. डोळ्यांनीच रेघ आखून पाहिली. एक फोड काढली, वाटीत ठेवली, मग पुन्हा ताटात टाकली.

पेंटर जेवायला बसले. पहिली फोड त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवली. ती समोर बसून त्यांच्या गळ्याकडे पाहत होती. घास खाली उतरल्यावरच तिने विचारलं,

"कसा झालाय?"

"मीठ कमी आहे."

किती महिन्यांनी त्यांनी ताटातल्या जेवणाला नावं ठेवली होती. तिचा हात मिठाच्या डबीकडे गेला आणि झाकणावरच थांबला. मग तिने डबी त्यांच्यापुढे सरकवली, आणि ते किती घेतात ते दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे वळवलं.