चार रबरी बुचं

"दाबू का?" मिस्त्रीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ड्रायव्हरच्या सीटपुढच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबायची वेळच आली नाही. स्क्रूड्रायव्हर आपल्याच वजनाने आरपार गेला आणि खाली फरशीवर टणकन वाजला.

"अहो, जपून!" चकाचक ओरडला.

"मी काय केलं? तो स्वतःहून गेला." मिस्त्रीने भोकातून खाली डोकावून बघितलं. "ड्रायव्हरसाहेब, खरं सांगा, ही जीप तुम्ही चालवत आणलीत का आत उभं राहून पळत आणलीत?"

चकाचक हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. जमीनमोजणीच्या खात्यात बावीस वर्षं त्याला याच नावाने हाक मारत आणि ते नाव त्याला आवडायचं. साहेबलोक डोंगरात जमीन मोजायला जायचे, चकाचक त्यांना तिथवर न्यायचा. बावीस वर्षांत गाडी एकच, ही जीप. तो निवृत्त झाला त्याच महिन्यात जीपही निकालात निघाली. लिलावात तिला दुसरं कोणी हात लावेना, म्हणून ती त्याच्याच अंगणात आली. बायको शेजारणींना सांगायची, "खात्याने दोन जुन्या वस्तू एकाच आठवड्यात माझ्या दारात आणून टाकल्या. एक निदान भाजी आणून देते."

आता सोमवारी जीपचं पासिंग होतं. दोनदा ती नापास झाली होती, आणि तिसऱ्यांदा झाली तर थेट भंगारात, असा छापील कागद घरी आला होता. कागदावर सहीखाली 'आपला विश्वासू' असंही लिहिलेलं होतं.

मिस्त्री गाडीभोवती फिरला. त्याच्या हातात छोटी हातोडी होती आणि चेहऱ्यावर, दुसऱ्याने बिघडवलेलं निस्तरण्यात हयात गेलेल्या माणसाचा वैताग. त्याने मडगार्डवर टकटक केलं. ठणठण यायला हवं तिथे थपथप आलं. त्याने रंगाचा पोपडा उचकटला, त्याखालची मूठभर पुट्टी काढली आणि पुट्टीच्या मागून एक वर्तमानपत्राचा बोळा ओढला. बोळ्यात एक शब्दकोडं होतं, अर्धं सोडवलेलं.

"हे कोणी केलं?"

"खात्याच्या वर्कशॉपने."

"कोडं तरी पुरं करायचं होतं!" मिस्त्रीने बोळा फेकला. "आणि तळ? तळाची ही दशा कोणी केली? गाडी होती कोणाकडे?"

"माझ्याकडे," चकाचक म्हणाला आणि घाईने पुढे जोडलं, "पण माझ्या सुट्टीच्या दिवशी बदली यायचा. हे सगळं त्याचं काम."

बदली म्हणजे बदली ड्रायव्हर. चकाचकची साप्ताहिक सुट्टी आणि वर्षातले दोन-तीन ताप, एवढ्यापुरतीच जीप त्याच्या हातात यायची. हिशेब केला तर सहा-सात दिवसांत एक दिवस. पण जीपला काहीही झालं की चकाचक बदलीचं नाव घ्यायचा. ही सवय इतकी जुनी होती की एकदा घरातला नळ गळायला लागला तेव्हाही त्याच्या तोंडून तेच नाव निघालं होतं.

जीप तो स्वतः कशी ठेवायचा, हे त्याने मिस्त्रीला न विचारता सांगितलं. रोज पहाटे साडेपाचला नळी लावून आतून-बाहेरून धुवायची. पावसाळ्यातही धुवायची, पावसाचं पाणी स्वच्छ नसतं, असं त्याचं मत होतं. मग तळावर जाड लोकरी फेल्टचं अस्तर, त्यावर काळी रबरी चटई, कडा चारी बाजूंनी दाबून घट्ट. 'उत्तम निगा' असं प्रमाणपत्र सात वेळा मिळालं होतं. सातही फ्रेम करून भिंतीवर होती. आठव्या खिळ्यावर बायकोने चाळण अडकवली होती.

"बरं," मिस्त्री म्हणाला. "आता घरी जा."

चकाचक गेला नाही. पुढचे तीन दिवस तो सकाळी मिस्त्रीच्या आधी येऊन वर्कशॉपच्या दारात उभा राहायचा. तळ कापण्याआधी मिस्त्रीने दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप तात्पुरता वेल्ड केला, तेव्हा त्याने हरकत घेतली.

"दारात पाइप कशाला?"

"तळ काढला की बॉडी खचते. मग दारं लागत नाहीत. पाइप तिला धरून ठेवतो."

"पण मी आत कसा बसणार?"

मिस्त्रीने वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर केली. "आत बसून काय करणार? तळ नाहीये."

दुसऱ्या दिवशी ग्राइंडरने सगळा तळ कापून निघाला. मिस्त्रीने ते पत्रे बाहेर उन्हात आणून उलटे टाकले, मग सुलटे टाकले, मग पुन्हा उलटे. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"इकडे या," तो म्हणाला. "हा खालचा भाग बघा. रस्त्याकडचा. चिखल, खडे, पाणी, सगळं इथे लागतं. रंग शाबूत आहे. आता हा वरचा, पायांकडचा. चाळणी झालीये. गंज वरून खाली आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी आत होतं. रोज. वर फेल्ट, त्यावर रबर, वाळणार कुठून? फेल्टने पाणी प्यायचं आणि पत्र्याला पाजायचं." मिस्त्रीने पत्र्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "गाडी बनवणाऱ्याला हे कळत होतं. म्हणून त्याने चार कोपऱ्यांत चार भोकं दिलीत, पाणी जायला. आणि ही बघा, चारही बुचं मारून बंद. नुसती बंद नाहीत, वरून डांबर ओतलंय. कोण हा महात्मा? ज्याने ही बुचं बसवली त्याने गाडी मारली."

"बदलीने..." चकाचकच्या तोंडून सवयीने निघालं आणि तो थांबला.

"त्याने बसवली?"

"नाही." चकाचकने घसा साफ केला. "त्याने काढली होती."

"मग तोच एक शहाणा होता," मिस्त्री म्हणाला आणि ग्राइंडर चालू केला. त्या आवाजात पुढे कोणाला काही बोलता येण्यासारखं नव्हतं, हे एका अर्थी बरंच झालं.

बुचांचं प्रकरण खात्यात सगळ्यांना माहीत होतं. पंधरा वर्षांपूर्वी एका रविवारी बदलीने चारही बुचं काढली, कारण आत पाणी साचतं आणि कुजका वास येतो. सोमवारी डोंगराच्या रस्त्यावर भोकांतून धूळ वर आली आणि साहेबांचे मोजे लाल झाले. चकाचकने त्याच दिवशी तक्रार लिहिली : सरकारी मालमत्तेची हेळसांड, रबरी बुचं, नग चार. तीन जणांची समिती बसली आणि पाच महिने बसून राहिली. त्या पाच महिन्यांत बुचं जीपच्याच कप्प्यात होती, पण समितीने जीप बघितली नाही. तशी तरतूद नव्हती. "पाणी जावं म्हणून काढली," एवढाच जबाब बदलीने दिला. "पाणी आत मुळात का येते, याचा समाधानकारक खुलासा नाही," असा शेरा पडला आणि बदलीला रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला पाठवलं. पाणी आत का येतं हे सांगू शकणारा एकच माणूस होता. त्याला कोणी विचारलं नाही. त्याने बुचं पुन्हा बसवली आणि वर डांबर ओतलं.

तळ कापला त्या संध्याकाळी चकाचक घरी लवकर आला. बायकोने वर न बघता विचारलं, "हाकललं का मिस्त्रीने?"

त्याने सगळं सांगितलं. मग तो वाट बघत बसला. बावीस वर्षं ती एकच वाक्य बोलत आली होती : त्या गाडीला इतकं पाणी घालू नका, ती उगवणार नाहीये. आज ते वाक्य येणारच, अशी त्याने मनाची तयारी केली होती. उत्तरही तयार होतं.

ती म्हणाली, "किती वर्षं होता तो रोलरवर?"

"नऊ."

"मग मला कशाला सांगताय?"

नवा तळ शनिवारी बसला. खालची पट्टी, मडगार्डांचे कोपरे, दारांची बुडं, सगळीकडे नवा पत्रा आला, त्यावर लाल प्रायमर, त्यावर रंग. चार भोकं ठेवायची का, असं मिस्त्रीने विचारलं तेव्हा चकाचक म्हणाला, "ठेवा. आणि बुचं नकोत."

"चटई?"

"तीही नको."

मिस्त्रीने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच या गिऱ्हाइकाने दोन शब्दांत उत्तर दिलं होतं.

सोमवारी इन्स्पेक्टरने तळावर हातोडी मारली. ठणठण आवाज आला. "भोकं कशाला?" त्याने विचारलं.

"पाणी जायला."

"चला, कोणाला तरी अक्कल आहे."

"माझी नाही ती," चकाचक म्हणाला. "दुसऱ्या एका ड्रायव्हरची आहे. त्याला त्याबद्दल..."

"ज्याची असेल त्याची. इथे सही करा. पुढचा!"

जीप पास झाली. चकाचक घरी न जाता गावाच्या दुसऱ्या टोकाला, बदलीच्या गल्लीत गेला. वाटेत त्याने एक वाक्य घोटून ठेवलं होतं. वाक्य चांगलं होतं, हळू आवाजात बोलायचं होतं.

दारात बदलीची बायको कपडे वाळत घालत होती. जीप बघून तिने हातातला चिमटा तसाच धरला. "रोलरवाल्यांच्या दारी आज जीप? रस्ता चुकलात का, भाऊजी?"

"नाही, वहिनी. आहे का तो?"

"आहे. पण मोठ्याने बोलावं लागेल. रोलरने कान खाल्लेत त्याचे."

हे चकाचकला ठाऊक नव्हतं. बदली बाहेर आला. केस पिकले होते, पाठीत वाकला होता. त्याने जीप बघितली, मग चकाचकला बघितलं, याच क्रमाने.

"दादा? बरे आहात?"

"बरा आहे. ऐक, ती बुचं... म्हणजे तेव्हा जे झालं, त्यात माझी..."

"काय?"

"बुचं! तुझं बरोबर होतं!"

"जरा मोठ्याने, दादा. डावा पूर्ण गेलाय, उजवा थोडा आहे."

समोरच्या घरातलं कोणीतरी खिडकीत आलं. चकाचकने एक श्वास घेतला.

"चूक माझी होती!" तो ओरडला. "पाणी मी घालत होतो! तुझ्यावर तक्रार खोटी होती! खोटी!"

बदलीची बायको हातातला चिमटा दोरीला लावत म्हणाली, "ऐकू आलं हो सगळ्यांना. आता त्यांना आलं का, ते त्यांनाच विचारा."

बदलीच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो जीपजवळ गेला. त्याने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दार नीट लागत होतं. मग त्याने चकाचकला हाताने खूण केली : वर बसा. चकाचक आपल्या जागेवर जाऊन बसला. का बसायचं, हे विचारायचा आवाज त्याच्यात उरला नव्हता.

बदली गुडघ्यावर हात ठेवून वाकला, कण्हला, मग सरळ जमिनीवर उताणा पडून जीपखाली सरकला.

"अहो, शर्ट!" त्याची बायको वैतागून म्हणाली.

खालून नव्या पत्र्यावर टकटक झाली. एकदा इकडे, एकदा तिकडे, सावकाश, चारही कोपरे तपासावेत तशी. मग चकाचकच्या उजव्या पायाशेजारच्या भोकातून एक बोट वर आलं. जाड, काळवंडलेलं, नख तुटलेलं. ते भोकाच्या कडेवरून एकदा गोल फिरलं, धार राहिलीय का बघत, आणि तिथेच थांबलं.

चकाचकने आपला पाय बाजूला घेतला.