दोन कडव्यांच्या मध्ये

तालमीत पेटी वाजवत सुभद्राबाईंनी दुसरं कडवं संपवलं, समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं आणि त्या बोलू लागल्या. गाणं संपलं असं समजून रश्मीने तळहाताने गिटारच्या तारा बंद केल्या. ढोलकी एकटीच चार पावलं पुढे गेली.

"काहून थांबली वं?"

"तुम्ही थांबलात म्हणून, मावशी."

"मी बोलून राहिली होती बाप्पा. मेली नव्हती."

नितेश ढोलकीवर वाकून हसला.

भीमगीतांच्या पार्टीत गाणारा मध्येच लोकांशी बोलतो आणि बोलता बोलताच पुढचं कडवं उचलतो. वाजवणाऱ्यांनी तोवर गाणं खाली बसू द्यायचं नसतं. रश्मीने अमरावतीत कॉलेजच्या बँडमध्ये रॉक वाजवलं होतं, लग्नांत फिल्मी गाणी, मग गझलाही. तिथे कोणी असं मध्येच बोलत नसे. रविवारी बार्शीटाकळीला कार्यक्रम होता. आज जमलं तर तिची जागा पक्की.

"नत्थुजीले फोन करू का?" नितेश म्हणाला. "त्यांचा बँजो आपल्या सवयीचा हाये."

"करा की," रश्मी म्हणाली. "पण आधी परत घ्या."

पुन्हा ती जागा आली. रश्मीने बँडमधला जोरकस हात लावला. सुभद्राबाईंना आवाज चढवावा लागला.

"मले भांडाले लावते का?"

पुढच्या खेपेला तिने गझलेसारखे सूर लांबवले. ढोलकी ढिली पडली.

"वहिनी, झोप येऊन राहिली," नितेश म्हणाला.

"तुम्हाला येऊ द्या. आचलची मोडली नाही म्हणजे झालं."

मागच्या भिंतीशी रश्मीची लेक आचल पालथी झोपली होती. रश्मीने तिच्याकडे पाहिलं आणि तारा छेडायची हातातली पिक खिशात टाकली. घरी आचल झोपली की ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज वाजवायची, नुसत्या अंगठ्याच्या पेराने, खर्जाच्या तारांवर. एक लहानशी ओळ, मग थोडं थांबणं, मग तिला उत्तर.

"आता घ्या," ती म्हणाली.

सुभद्राबाई बोलू लागल्या. त्यांचं एक वाक्य संपलं, तार हळूच काहीतरी म्हणाली, मग दुसरं वाक्य आलं. आईने त्यांना शाळेत कसं घातलं, हे त्या दर कार्यक्रमात सांगत. आज त्या त्यापुढे गेल्या. शाळेच्या दारात आईने आपल्या लुगड्याच्या पदराने त्यांचे पाय पुसले होते. नितेशने हे कधी ऐकलं नव्हतं. त्याची बोटं आपोआप हलकी झाली.

मग सुभद्राबाई गप्प झाल्या. पेटीचा भाता त्यांच्या हाताखाली मिटलेला राहिला. गिटार चालूच होती.

नितेशने वाट पाहिली. "मावशी, कडवं?"

सुभद्राबाईंनी रश्मीकडे न पाहता हात जरासा वर केला.

"थांब. तिचं बोलून होऊ दे."