शेंडीवाली अक्षरं

कारकुनीतून निवृत्त झाल्यावर भीमाचार्यांनी कन्नड मुलखात, चामराजपेटेतल्या राहत्या घरी बाळकाढा उकळायला घेतला. वास असा, की गल्लीतली कुत्री वाट बदलत. काढ्याच्या गुणाबद्दल खात्री असलेला माणूस जगात एकच होता, खुद्द भीमाचार्य. आणि ज्याच्यावर त्याचा रोज प्रयोग होई त्याला अजून बोलता येत नव्हतं. तो म्हणजे त्यांचा अकरा महिन्यांचा नातू, हरी.

हरीची आई अहल्या बी.ए. झालेली, पण मामंजींच्या चमच्यापुढे बी.ए. काय करणार? पोर मुळातच काटकुळं. काढा आत गेला की मागोमाग सकाळचं दूध बाहेर. तो झोपला की अहल्या त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे. श्वास सापडला की वाटे, फार भरभर तर चालत नाही ना?

"मामंजी, शेजारच्या कावेरम्मा म्हणतात, रागीची सरी द्या," ती एकदा धीर करून म्हणाली. "नाचणीची पातळ खीरच की. त्यांची मुलं वाढली ना तिच्यावर."

"सरी खाऊन कोण मोठा झालाय?"

कावेरम्मांचे आडदांड मुलगे दारातून आत येताना अंग चोरून येत. पण हे मामंजींना सांगायचं कुणी?

काढ्याच्या कन्नड पाटीला कुणी भुललं नव्हतं. म्हणून आता पेटेतल्या मराठी मंडळींसाठी मराठी पाटी करायचं ठरलं. मजकूर भीमाचार्यांचा: 'मुलांना ताकद'.

"सूनबाई, तुझा हात चांगला आहे. अक्षरं तू काढ. अशी काढ, की जाणारा थबकला पाहिजे."

अहल्येनं स्वयंपाकघरात कागद पसरला. एकेक अक्षर होईतोवर हरी शहाण्यासारखा झोपे. वरची रेघ ओढायला पट्टी हातात घेतली, की तो जागा. चारदा असं झाल्यावर तिनं रेघेचा नाद सोडला आणि कन्नड अक्षरांना असते तशी ज्याला त्याला आपापली शेंडी काढून दिली. मग अक्षरं फारच सुटली. म पोट पुढे काढून बसला. ल एक पाय उचलून उभा. क कोपर मारून शेजाऱ्याला ढकलतोय, ता हवालदारासारखा ताठ, आणि द तर थेट मोरीवर बसल्यासारखा. भीमाचार्यांना फार आवडली.

पाटी रंगवायला कल्लाप्पा पेंटर आला. त्याला कन्नडच वाचता येई. मराठी अक्षरं म्हणजे त्याच्या लेखी नुसती चित्रं. त्यानं आधी वरच्या बाजूला एक गुबगुबीत बाळ काढलं. बाळाच्या गालांनीच निम्मी जागा खाल्ली. शेजारी दोनच अक्षरं मावली, बाकीची चार त्यानं खाली घेतली. अहल्या हरीला कडेवर घेऊन बघायला आली, तेव्हा खडूनं आखून झालं होतं. वर 'मुलां'. खाली 'नाताकद'.

तिनं पुन्हा वाचलं. डोक्यावर रेघ असती तर एका शब्दातल्या अक्षरांनी एकमेकांचे हात धरले असते. इथे जो तो आपल्या शेंडीपुरता. नाताकद!

"सरीना, अक्का?" कल्लाप्पानं विचारलं. म्हणजे, ठीक आहे ना?

हरीनं नुकताच सकाळचा काढा तिच्या खांद्यावर परत केला होता.

"सरी," अहल्या म्हणाली. मग दोनदा ती मामंजींना सांगायला गेली, आणि दोन्ही वेळा 'कॉफी आणू का?' विचारून परत आली.

शुक्रवारी मुहूर्तावर भीमाचार्यांनी पाटीवरचा कपडा ओढला. स्वतःचंच वाक्य, ते कशाला वाचतील? समोरच्या सकवारबाई मात्र नारळ घेऊन आल्या होत्या, आणि त्यांचा आवाज बाजारापर्यंत जाई.

"मुलां... नाताकद. अगंबाई! आचार्य, खरं ते लिहिलंत की हो!"

गल्ली खो-खो हसली. भीमाचार्यांनी पाटी वाचली. त्यांची स्वतःची शेंडी थरथरू लागली.

"अक्षरांचा दोष! काढ्याचा नव्हे! पुरावा घरातच आहे. आण गं हरीला!"

त्यांनी नातवाला उचललं आणि सगळ्यांदेखत चमचा भरवला. हरीनं आजोबांकडे बघितलं. गिळला. आचार्यांनी विजयानं चौफेर नजर फिरवली, आणि तेवढ्यात सगळा ऐवज त्यांच्या जरीकाठी उपरण्यावर परत आला.

"पाटीवर काही खोटं नाही हो," सकवारबाई म्हणाल्या.

हरी रडत होता. झबलं वर सरकलं होतं आणि भीमाचार्यांची बोटं त्याच्या बरगड्यांवर होती. ते त्याला घेऊन आत गेले. मागोमाग अहल्या.

"हा एवढा हलका कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून, मामंजी."

"आणि पाटीवरचं तुला आधी दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

आता पाटी डोक्यात बसते, असं तिला वाटलं. हरीला तिच्याकडे देऊन ते उपरणं पुसू लागले.

"मग उद्यापासून ह्याला काय द्यायचं?"

"सरी."

"सरी काय सरी? काय द्यायचं विचारतोय मी!"

"रागीची, मामंजी. सरी."

भीमाचार्यांनी चमचा खिडकीत ठेवून दिला.

"सरी," ते म्हणाले. मग बाहेर पाटीकडे बघून पुटपुटले, "आणि तो द आधी उठव तिथून. चारचौघांत असा बसतो का कुणी?"