टेबलाला दक्षिण वर्ज्य

लालबागच्या त्या गाळ्यासमोर सकाळपासून गर्दी होती. बायका हातातली कामं टाकून आल्या होत्या, बंद गिरणीतले म्हातारे पायरीवर बसले होते. आत घोडपदेवचे कोंडीरामबुवा लोखंडाचे भाग कापणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनसमोर डोळे मिटून उभे होते. आठ दिवस ते मशीन चालता चालता अडत होतं. पडद्यावर लाल अक्षरं उमटायची आणि सरकतं टेबल जागच्या जागी थिजायचं.

"यंत्राच्या पोटात एका विधवेची हाय बसलीय," बुवा म्हणाले. "कम्प्युटरलाही आत्मा असतो, बाळांनो. इंजिनियर त्याची बटणं दाबतो, आम्ही त्याची नाडी बघतो."

मशीनच्या उजव्या बाजूला त्यांनी लाल फडक्यातला नारळ ठेवला. "अकरा दिवस टेबल या नारळापलीकडे न्यायचं नाही. ती दक्षिण. तिकडे यम बसलाय."

बटण दाबलं. मशीन सुरू झालं आणि तासभर अडलं नाही. लोकांनी हात जोडले. फोरमन कुशाबानेही जोडले.

ती विधवा म्हणजे कौसल्या. गिरणी कामगारांच्या संपाला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती. त्याआधी ती आणि कुशाबा एकाच गिरणीत, ती सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, तो यंत्रांच्या दुरुस्तीला. संपात गिरणी गेली, मागोमाग तिचा नवराही गेला. कुशाबानेच तिला इथे तयार माल तपासायच्या कामावर लावलं होतं. खंडेनवमीला गिरणीतल्यासारखी यंत्रांची पूजा करायची ही हौस त्याची, आणि "कौसल्याबाई, कुंकू तुम्हीच लावा," असा आग्रहही त्याचाच. संपात ज्यांनी एका ताटातली भाकरी खाल्ली, त्यांच्यात कसली विधवा नि कसली सवाष्ण, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. पूजेला तीन दिवस झाले आणि मशीन अडू लागलं.

"तूच आणलीस तिला," मालक जगदीशभाऊ म्हणाले. "उद्यापासून येऊ नको म्हणून तूच सांग."

कुशाबाने मान हलवली. खरं म्हणजे नारळ उजवीकडेच का ठेवला, ते त्याला माहीत होतं. आदल्या दिवशी चहा पिता पिता बुवांनी सहज विचारलं होतं, "नेमकं कुठं अडतं रे?" आणि तोच म्हणाला होता, "टेबल उजवीकडे शेवटाला गेलं की." यमाचा पत्ता बुवांना त्यानेच दिला होता.

तो मागच्या खोलीत गेला तेव्हा कौसल्या डबा पिशवीत भरत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"तुम्हाला पटतंय हे, कुशाबादादा?"

"बुवा म्हणतात..."

"बुवांचं नाही विचारलं मी." तिने पिशवी खाली ठेवली. "आमच्या खात्यात सूत तुटलं तर कुठं तुटतं ते बघायचो. तुटणारी जागा एकच असली, तर तिथं काहीतरी घासतंय नाहीतर वाकतंय. तुमचं मशीनही एकाच जागी अडतं. काय वाकतं तिथं?"

काय वाकतं ते कुशाबाला माहीत होतं. टेबल कुठवर आलंय हे संगणकाला कळवणारी केबल. टेबलाबरोबर ती दिवसातून हजारदा वाकते, सरळ होते. श्रावणात त्यानेच ती बदलली होती. अशा जागी केसासारख्या बारीक तारांचे पीळ घातलेली, सतत वाकण्यासाठीच बनवलेली केबल लागते. ती मागवायला आठ दिवस गेले असते. त्याने तारा मोजल्या, जाडी बघितली आणि भिंतीवर ठोकतात तसली टेलिफोनची केबल घातली. तिच्यातली प्रत्येक तार एकेरी, ताठ. वाकते का, हे बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. पुढे मशीन अडू लागलं तेव्हा मात्र आलं होतं. पण तोवर सगळे विधवेने लावलेल्या कुंकवाचं बोलू लागले होते, आणि त्याला ते सोयीचं वाटलं होतं.

तो बाहेर गेला, मशीन बंद केलं, केबल सोडवली. बॅटरीचा सेल आणि छोटा दिवा घेऊन एकेक तार जोडून पाहू लागला. चौथ्या तारेला केबल सरळ होती तोवर दिवा लागला. टेबल वाकवतं तिथे वाकवली, दिवा विझला. सरळ केली, लागला. आत तांबं तुटलं होतं, वरचं आवरण शाबूत होतं.

"ही त्या हायेचीच करणी," बुवा म्हणाले.

"मग तुम्ही धरा ना, बुवा," मागोमाग बाहेर आलेली कौसल्या म्हणाली. "सरळ केली की हाय जाते, वाकवली की येते. फार आज्ञाधारक आहे."

पायरीवरचे म्हातारे हसले. बुवांना घोडपदेवला तातडीचं काम आठवलं.

"उद्या ये गं," जगदीशभाऊ पुटपुटले.

"येईन. पोट आहे." मग ती कुशाबाकडे वळली. "पाच मिनिटांचं काम होतं, दादा. माझं नाव निघालं तेव्हा का नाही केलंत?"

कुशाबा केबल हातात धरून लोकांकडे वळला. "केबल मी निवडली, चुकीची निवडली. आणि आठ दिवस या बाईला त्याची शिक्षा होऊ दिली. तुमच्याकडे काही अडलं, बिघडलं, कुणी आजारी पडलं, तर कुणाच्या कपाळाकडे बघू नका. आधी उघडून बघा, कुठं तुटलंय ते. माझ्यासारखं ठाऊक असून हात जोडून उभे राहू नका."