सुट्टीतली शिकवणी

भाची आली तेव्हा आत्याने विमानतळावर तिला घट्ट मिठी मारली होती. थंडी पडेपर्यंत त्याच भाचीचा गळा दाबावा असं तिला वाटू लागलं होतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही, आणि भाच्या तर डोंगरापेक्षाही दूरच बऱ्या.

भाची शिक्षिका व्हायला निघाली होती. शेवटच्या वर्षाला परदेशातल्या शाळेत काही महिने इंग्रजीतून पाठ घ्यायचे होते, आणि तिला नेमकी आत्याच्या शहरातलीच शाळा मिळाली. दादाने, म्हणजे तिच्या बापाने, फोन केला. "पोरगी तुझ्या हवाली करतोय." आत्याला बरंच वाटलं. नवरा सदा कामासाठी गावोगाव, घरात ती आणि नऊ वर्षांची चिमी. बोलायला कुणीतरी आपलं होईल, असं वाटलं.

कारण चिमी मराठी बोलत नसे. कळायचं सगळं, पण आईने काहीही विचारलं तरी उत्तर तिथल्या भाषेत. आत्याने गोष्टी सांगून पाहिल्या, ओरडून पाहिलं, खेळण्यांची लालूच दाखवून पाहिली. दादाचा फोन आला की "मामाला बोलून दाखव" म्हणून पोरीला पुढे ढकलायची. एकदा चिमी कशीबशी "मी जेवला" म्हणाली, आणि तिकडे अख्खं घर खो खो हसलं. आत्याही हसली. त्या दिवसापासून चिमीने तोंडाला कुलूप लावलं. वहिनी मात्र दर फोनला न चुकता विचारायची, "वन्सं, चिमी बोलते का हो आता?" आत्याच्या जिवाला तेवढी एकच गोष्ट लागून राहिली होती. लेकीने आपल्या भाषेत आपल्याला हाक मारावी. बस.

वर्षअखेरची सुट्टी लागली. भाचीबरोबर पाठ घ्यायला आलेल्या बाकीच्या मुली घरी गेल्या. ही राहिली. आत्याने मनात मांडे खाल्ले, की आता पोरगी घरकामाला हातभार लावेल, कपाटं आवरून होतील. पण भाची सकाळीच टोपी चढवून दारात उभी राहायची.

"आत्या, आम्ही चाललो गं."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि चिमी."

"आणि हे घर कोण आवरणार? तुझा बाप येणार आहे?"

"बाबा स्वतःचं ताट उचलत नाहीत, तुझं घर काय आवरणार!"

आणि दोघी हसत जिना उतरायच्या. संध्याकाळी परतायच्या त्या चिखलाचे बूट घेऊन. नदीकाठी भटकायच्या, बाजारातल्या दिव्यांखाली उभं राहून काहीबाही गरम प्यायच्या, शेवटच्या थांब्यापर्यंत बसने जाऊन उगाच परत यायच्या. ज्या गल्ल्या आत्याने इतक्या वर्षांत पाहिल्या नव्हत्या, तिथल्या दुकानदारांना भाची नावानिशी ओळखू लागली. न्हाणीघरात ओले मोजे, खुर्चीवर ओला कोट. आत्या ते चिमट्यात धरून गॅलरीत भिरकावायची.

"धर्मशाळा आहे का ही?"

"धर्मशाळेत गरम पाणी मिळतं, आत्या. तू तर बटण बंद करून ठेवतेस."

उलट उत्तर तयारच. आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

एके दिवशी तिला राहवलं नाही. ती दोघींच्या मागोमाग बाजारात गेली आणि लोकरी टोप्यांच्या एका दुकानाआड उभी राहिली. पुढे भाची एका विक्रेत्यासमोर तोंडाचा आ करून उभी होती. तिला तिथली भाषा येत नव्हती हे खरं, पण ती मुद्दाम होती त्याहून कितीतरी अधिक बुद्दू बनली होती.

"काय म्हणतात गं ते? मला काही म्हणजे काही कळत नाहीये."

"अगं ताई, ते म्हणतात दोन घेतले तर कमी पैसे!" चिमी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि तू तिथे हात नको लावू, ते ओरडेल. तू मोठी आहेस ना? कसं कळत नाही तुला?"

बोलत होती! धडाधड, चुकत, अडखळत, पण मराठीत बोलत होती. चूक झाली तरी भाची हसत नव्हती, फक्त पुढचा प्रश्न विचारत होती. आत्याला धावत जाऊन लेकीचे पटापट मुके घ्यावेसे वाटले. ती आडोशातून पुढे झाली. "चिमे! ओरडेल नाही गं, ओरडतील म्हणायचं!"

चिमीने आईकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि तिथल्या भाषेत म्हणाली, की तिला थंडी वाजते आहे, घरी जायचंय.

घरी येईपर्यंत आत्या दोघींच्या चार पावलं पुढे चालत राहिली. मी जन्म दिला, मी खस्ता काढल्या, आणि ही उपटसुंभ आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली! माझ्या लेकीचे शब्द हिच्या पदरात, आणि मला काय, तर थंडी वाजते! ही पोरगी सुट्टी संपायच्या आत इथून गेली पाहिजे, असं तिने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीच्या खोलीचं दार बंद होतं. झोपली असेल, म्हणून आत्याने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि दादाला फोन लावला.

"दादा, सांगू नये पण सांगते. पोरगी हाताबाहेर गेलीये. कुणाकुणाबरोबर भटकते, रात्री कधी येते, पत्ता नसतो. शाळेतही कुजबुज आहे म्हणे."

"काय सांगतेस!"

"अरे, काल तर कहर केला. माझ्या चिमीला भर बाजारात एकटं सोडून ही कुठेतरी निघून गेली. पोर थंडीत रडत उभी! मी पोचले म्हणून, नाहीतर काय झालं असतं? तू तिला ताबडतोब परत बोलाव."

आणि मग आत्याला एक विचित्र गोष्ट ऐकू आली. तिचाच आवाज, "ताबडतोब परत बोलाव," असा शेजारच्या खोलीतून, क्षणभर मागाहून.

दादाला फोन कानाशी धरलेला कधी आवडत नसे. तो स्पीकर लावायचा, फोन टेबलावर ठेवायचा आणि सगळ्या दिवाणखान्याला ऐकवायचा. गेली कित्येक वर्षं आत्याच त्याला त्यावरून नावं ठेवत आली होती, पण रागाच्या भरात नेमकं हेच तिच्या डोक्यातून गेलं. आज त्या टेबलापलीकडे वहिनी बसली होती, आणि वहिनीच्या हातात दुसरा फोन होता. त्यावर आपल्या लेकीशी तिच्या गप्पा चालल्या होत्या, आणि लेकीचा फोनही स्पीकरवरच होता. आत्याचा शब्द न् शब्द सातासमुद्रापार जाऊन परत तिच्याच घरात, भिंतीपलीकडे उतरला होता.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. भाची हातात फोन घेऊन उभी होती.

"थांबलीस का आत्या? बोल की. अजून काय काय केलं मी?"

"आवाज खाली! माझ्या घरात उभी आहेस तू!"

"नाही राहणार. शाळेच्या वसतिगृहात खोली रिकामी आहे, आत्ता जाते. पण आधी बाबांना सांग, चिमीला मी कधी सोडलं ते."

"मी कशाला सांगू? मी डोळ्यांनी पाहिलंय!" आत्या ओरडली. आता मागे हटायला जागाच उरली नव्हती.

भाचीच्या मागून चिमी पुढे आली. इतका वेळ ती ताईच्याच पलंगावर पालथी पडून ऐकत होती. फोन दिसला की पळून जाणारी ही पोर, पण आज ती सरळ ओट्याशी आली आणि आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"आई," ती म्हणाली, "ताईने मला कुठेच सोडलं नव्हतं. ती माझा हात धरून होती. तू खोटं बोललीस."

एकही शब्द अडखळला नाही. भाची आत गेली आणि कपाटावरची बॅग ओढल्याचा आवाज आला. चिमी तिच्या मागोमाग गेली आणि मदतीला लागली.

आत्याच्या हातातला फोन तसाच चालू होता.

"हे कोण बोललं गं?" दादाने विचारलं. "कुणाची मुलगी आहे?"

"अहो, चिमी असेल!" वहिनीचा आवाज आला. "वन्सं, चिमी बोलली का हो? किती छान बोलते!"

हे शब्द वहिनीच्या तोंडून ऐकायला आत्या वर्षानुवर्षं जीव टाकत होती.

"हो," ती म्हणाली, "माझीच आहे." आणि तिने फोन बंद केला.