जड हात

लाँड्रीवाल्या मामांनी व्हॅन भाचीच्या गॅरेजसमोर आणली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "धुवून-पुसून घे, ऑइल बदल. विकून टाकतो."

ही व्हॅन म्हणजे मामांचा जीव की प्राण. अकरा वर्षं हॉटेलांच्या चादरी पोचवताना तिच्या स्टिअरिंगला त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. "का हो?" भाचीने विचारलं.

"कंटाळा आला," मामांनी थाप मारली.

खरं दुखणं त्यांच्या खांद्यात होतं. दोन महिने झाले, वळणावर व्हॅन वळवताना मामांना घाम फुटायचा. मग या गृहस्थांनी गाडी दाखवायची की नाही? छे! त्यांनी खांद्याला तेल चोळलं, हातात जोर यावा म्हणून मामींची नजर चुकवून पाण्याचे डबे उचलले आणि शेवटी आपले हातच गेले म्हणून हाय खाल्ली. भाचीला दुसऱ्या गाडीवर शिकवतानाही त्यांचा हाच हेका असे: गाडीला नावं ठेवायची नाहीत, आधी आपला हात तपासायचा. आता स्वतःचीच शिकवण त्यांच्या अंगाशी आली होती, आणि चालवणं सुटलं की आपण दिवसभर करणार काय, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

भाची व्हॅन आत घ्यायला बसली. गॅरेजचं दार अरुंद, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागे. तिने एका हाताने फिरवून पाहिलं, ते ढिम्म हलेना. दोन्ही हात लावून दात-ओठ खाल्ले, तेव्हा कुठे चाकं वळली आणि बॉनेटखालून काहीतरी किंचाळलं.

"मामा, व्हॅन आहे की रोडरोलर?"

मामा खिडकीशी धावले. "जड जातंय? तुलासुद्धा?"

"माझे हात भरून आले, आणि तुम्ही हसताय काय!"

मामांना हसू आवरत नव्हतं. आयुष्यात गाडी बिघडल्याचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

भाचीने आधी टायरमधली हवा बघितली, ती ठीक होती. मग बॉनेट उघडलं. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची डबी तळाला गेली होती. पाइपचा जोड ओला होता आणि गळणारं तेल थेट पंपाच्या बेल्टवर ठिबकत होतं.

"बेल्ट घसरतोय, म्हणून ओरडतोय. स्टिअरिंग हलकं करणारा पंप फिरत नाही, मग सगळा भार तुमच्यावर. बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, माझेच हात गेले."

"हात नाही गेले, तेल गेलं!"

तिने पाइप आणि बेल्ट बदलला, तेल भरलं, पुढची चाकं जॅकवर उचलली आणि मामांना आत बसवलं. पाइपात अडकलेली हवा निघायला हवी होती. मामा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिले, डबीतले बुडबुडे हळूहळू विरले. चाकं जमिनीला टेकली तेव्हा स्टिअरिंग एका हाताने सहज फिरलं. मामांनी ते उगाचच आणखी चार वेळा फिरवलं.

"काय मग, विकायची?" भाचीने विचारलं.

"वेडी आहेस का?" मामा म्हणाले. मग खाली मान घालून बोलले, "एक कर. माझे हात खरंच जातील ना, तेव्हा तू सांग. मला काही कळत नाही त्यातलं."

"सांगेन," ती म्हणाली. "पण दर महिन्याला तपासायला यायचं. गाडी घेऊन."